टाउन हॉल आणि त्याचं बिऱ्हाड

मुंबईच्या फोर्टात हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेला जी पांढरी, खांबांची, रुंद पायऱ्यांची इमारत आहे तिचं कागदोपत्री नाव टाउन हॉल. ती सरकारची. पण मुंबईकर तिला 'एशियाटिक' म्हणतात, म्हणजे आत राहणाऱ्या संस्थेच्या नावानं ओळखतात. घरमालक विस्मरणात गेला आणि बिऱ्हाडाचं नाव दारावर राहिलं, असा हा प्रकार आहे. त्यातली आणखी एक गंमत अशी, की हे बिऱ्हाड घरापेक्षा वयानं मोठं आहे. इमारत पूर्ण झाली १८३३ साली. संस्था स्थापन झाली ती २६ नोव्हेंबर १८०४ रोजी, आणि तीही फोर्टापासून पुष्कळ लांब, परळला.

सर जेम्स मॅकिन्टॉश हे स्कॉटिश कायदेपंडित त्या वर्षी मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे इथल्या राजाच्या न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून आले. लंडन-एडिंबरोच्या विद्वान मंडळींत वावरलेला हा माणूस. इथे येऊन पाहतात तो कापूस, अफू, जहाजं आणि जेवणावळी यांपलीकडे बोलायला विषय नाही. परळच्या 'ताराला' या आपल्या बंगल्यात त्यांनी काही जणांना बोलावलं आणि 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन केली. त्या पहिल्या यादीतली नावं नुसती चाळली तरी मौज वाटते. गव्हर्नर जोनाथन डंकन आहेत. पुढे हिंदू देवदेवतांवर सचित्र ग्रंथ लिहिणारे एडवर्ड मूर आहेत. पुढे बाबरनाम्याच्या इंग्रजी भाषांतराशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते विल्यम अर्स्किन चिटणीस आहेत. ज्यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून ऑक्सफर्डला संस्कृतचं अध्यासन निघालं ते जोसेफ बोडेन आहेत. हिंदी माणूस मात्र एकही नाही. हिंदुस्थानाचा अभ्यास करायला निघालेल्या संस्थेला त्यात काही खटकलं असं दिसत नाही. पुढची तीसेक वर्षं ते तसंच चाललं.

संस्थेनं ग्रंथालय जमवायला घेतलं. कंपनीच्या डॉक्टर मंडळींनी आधी जमवलेला पुस्तकांचा संग्रह तिनं विकत घेतला, आणि हाच आजच्या संग्रहाचा पाया. निबंध वाचले जाऊ लागले. मात्र ते छापायला लंडनलाच पाठवावे लागत. १८१९, १८२० आणि १८२३ अशा तीन साली ते तीन खंडांत निघाले. वाचायला माणसं होती, लिहायला विषय होते, पुस्तकं साचत होती. नव्हती ती जागा.

जागेची कल्पना मॅकिन्टॉश यांचीच. १८११ साली ते मायदेशी परतले; त्याच सुमारास त्यांनी शहरासाठी एक भव्य सभागृह असावं असा प्रस्ताव मांडला होता. पैसा सोडतीतून उभा करायचं ठरलं. सार्वजनिक कामाला लॉटरीचा पैसा ही त्या काळची रीतच होती. मद्रास-कलकत्त्यातही तेच चालू होतं. पण मुंबईतल्या सोडतीनं थोडंच पदरात टाकलं आणि दहा वर्षं योजना कागदावरच राहिली.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याआधी मुंबई इलाखा म्हणजे एक बेट, थोडा किनारा आणि सुरत. आता पुण्यासकट अख्खं दख्खन कंपनीच्या हाती आलं. गव्हर्नर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये आले आणि १८२१ मध्ये टाउन हॉलचा पाया घातला गेला. या दोन तारखांमधला संबंध कुठे लिहून ठेवलेला असेल-नसेल, मला तो उघड दिसतो. व्यापाऱ्याची वखार राज्यकर्त्याची राजधानी झाली होती आणि तिला शोभेल असा दर्शनी चेहरा हवा होता.

जागा निवडली ती किल्ल्यातल्या 'बॉम्बे ग्रीन'च्या पूर्व कडेची. आज तिथे झाडांनी भरलेली गोल बाग आहे; तेव्हा उघडं मैदान होतं. कापसाच्या गासड्या तिथे रचून ठेवत, म्हणून 'कॉटन ग्रीन' असंही म्हणत. १८४४ साली कापूस कुलाब्याला हलवला तेव्हा हे मैदान मोकळं झालं. समोर, पश्चिमेला, १७१८ पासून उभं असलेलं सेंट थॉमस चर्च आणि तिथून सरळ चर्चगेटच्या वेशीकडे जाणारा रस्ता. मागे जुना किल्ला, गोदी आणि समुद्र. शेजारी त्याच दशकात टाकसाळ उभी राहत होती. म्हणजे वेशीतून आत आलेल्या माणसाची नजर मैदान ओलांडून थेट या इमारतीवर जावी अशी ती बसवली आहे. मुंबईत रस्त्याच्या शेवटाला इमारत बसवण्याची ही कला पुढे फारशी कुणी मनावर घेतली नाही.

आराखडा कर्नल थॉमस कूपर यांचा. ते बॉम्बे इंजिनिअर्समधले लष्करी अधिकारी, धंद्यानं वास्तुविशारद नव्हेत. त्या काळी कंपनीच्या मुलखात असंच होतं. तटबंदी, रस्ते, तोफखाना सांभाळणारे इंजिनिअरच चर्च आणि सभागृहंही बांधत. नमुन्यासाठी त्यांच्यापाशी असत ती विलायतेहून आलेली चित्रांची पुस्तकं. तो काळ ग्रीक वेडाचा होता. एल्गिननं पार्थेनॉनवरून काढून आणलेली शिल्पं १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारनं विकत घेतली. इकडे टाउन हॉलचा पाया खणला जात होता त्याच १८२१ साली तिकडे ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं. ब्रिटिश म्युझियमची खांबांची नवी इमारत सुरू झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. मुंबई या फॅशनमध्ये मागे नव्हती, उलट लंडनच्या बरोबरीनं चालली होती.

दर्शनी भागात आठ डोरिक खांबांचा मंडप आहे. ग्रीक वास्तुपरंपरेत डोरिक हा सगळ्यांत दणकट आणि सगळ्यांत मितभाषी प्रकार. खांबाला पायथ्याशी बैठक नाही, तो सरळ जोत्यातून वर येतो. अंगावर उभ्या खाचा, वर जाताना निमुळता होत गेलेला देह, माथ्यावर साधी चौकोनी लादी. पानं-फुलं नाहीत. त्याच्यावर त्रिकोणी कपाळपट्टी. त्याच्याकडे तोंड करून तीस पायऱ्या. या पायऱ्यांचं काम केवळ माणसाला वर नेण्याचं नाही. त्या तळमजल्याला पुरतं लपवतात. समोरून पाहणाऱ्याला वाटतं, देऊळ उंच चौथऱ्यावर उभं आहे. प्रत्यक्षात तो चौथरा म्हणजे कचेऱ्यांनी भरलेला एक अख्खा मजला आहे. शोभा वर, कारकुनी खाली.

हे खांब इंग्लंडहून जहाजानं आले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट फोर्टात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आराखड्यात खांबांच्या जोड्या होत्या. पण माल उतरवून पाहतात तो इतका अवाढव्य, की जोडीनं उभे केले तर मंडपात माणसाला उभं राहायला जागा उरेना. मग अर्धेच खांब इथे वापरले आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला गेले. भायखळ्याला जाऊन ते चर्च पाहिलं की या गोष्टीवर विश्वास ठेवावासा वाटतो. एकाच गलबतातून आलेले हे सख्खे भाऊ. एक सभेला लागला, दुसरा प्रार्थनेला.

आत गेल्यावर डोरिकची शिस्त सैल होते. मोठ्या सभागृहात कोरिंथियन खांब आहेत, म्हणजे माथ्यावर पानांचा गुच्छ असलेले. आणि एका भागात, जिथे एकेकाळी वैद्यकीय मंडळाची कचेरी होती तिथे, चार आयोनिक खांब आहेत. ते अथेन्सजवळच्या इलिसस नदीकाठच्या एका छोट्या देवळावरून घेतले. मूळ देऊळ तुर्की अमलात १७७८ मध्येच पाडून टाकलेलं होतं. त्याआधी स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोन इंग्रजांनी त्याची मापं घेऊन चित्रं छापली होती, आणि त्या चित्रांवरून ते देऊळ नकलेच्या रूपानं जगभर उभं राहिलं. अथेन्समध्ये नाही ते मुंबईत, आणि तेही कंपनीच्या डॉक्टरांच्या कचेरीत! या इमारतीतली सगळ्यांत विलक्षण जागा कोणती असं विचारलं तर मी पायऱ्या सांगणार नाही, हे चार खांब सांगेन.

ग्रीसची हवा कोरडी, इथली दमट. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या इमारतीवर चार महिने नैर्ऋत्येचा पाऊस आडवा आदळतो आणि उरलेले आठ महिने दुपारचं ऊन. इथे कूपर यांच्यातला इंजिनिअर जागा झालेला दिसतो. खोल मंडप ऊन-पाऊस दोन्ही बाहेर ठेवतो. उंच छत गरम हवेला वर जाऊ देतं. खिडक्यांना लाकडी झडपांची तावदानं दिली, म्हणजे उजेड अडतो आणि वारा येतो. पुस्तकातल्या ग्रीक देवळाला खिडक्याच नसतात; मुंबईच्या देवळाला त्या असल्याशिवाय चाललं नसतं. दोन्ही गोष्टी एकत्र नांदवताना नक्कल थोडी बिघडली आहे, असं कडवे अभ्यासक म्हणतात. बिघडली म्हणूनच ती दोनशे वर्षं वापरात राहिली, असं मला वाटतं.

काम बारा वर्षं रखडत चाललं. पैसे संपले की गवंडी थांबत. कूपर १८२५ मध्ये वारले. त्यांना ही इमारत पुरी झालेली दिसली नाही. पुढचं काम ज्यांनी उरकलं त्यांत चार्ल्स वॅडिंग्टन यांचं नाव येतं. शेवटी मुंबई सरकारनं उरलेल्या खर्चाचा भार उचलला, आणि त्या बदल्यात स्वतःच्या कचेऱ्यांना जागा मागून घेतली. एकूण खर्च सहा लाख रुपयांच्या आसपास गेला. नागरिकांच्या सोडतीतून निघालेली इमारत अशी सरकारच्या ताब्यात गेली. सोसायटीनंही वर्गणी घालून एका बाजूचे दिवाणखाने पदरात पाडून घेतले आणि १८३० च्या सुमारास ती पुस्तकांसह राहायला आली. तोवर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी जुळवून घेऊन तिनं 'बॉम्बे ब्रँच' हे नाव लावलं होतं. म्हणजे गवंड्यांच्या परांच्या उतरण्याआधीच बिऱ्हाड आत शिरलं होतं.

१८३३. खांब उभे, छत पक्कं, सभागृह तयार. त्याच वर्षी माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांचं नाव सभासदत्वासाठी पुढे आलं आणि मतदानात नापास झालं. शहराचं म्हणून बांधलेल्या वास्तूत शहरातल्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला आणि उत्तर नकाराचं आलं. माणेकजी चिकट निघाले. त्यांनी लंडनच्या मूळ संस्थेचं सभासदत्व मिळवलं. मग शाखेला नाही म्हणणं अवघड झालं. १८४० मध्ये ते आत आले. पुढे ते न्यायाधीश झाले आणि १८६३ मध्ये त्यांनी मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. दारं उघडून घ्यायची सवय त्यांना इथेच लागली असावी.

दार किलकिलं झालं तेव्हा आत काय काम चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. १८४१ पासून सोसायटीचं स्वतःचं जर्नल मुंबईतून निघू लागलं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या अंकांत एक नाव दिसतं : बाळ गंगाधर शास्त्री. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. ताम्रपट आणि शिलालेख यांची वाचनं ते तिथे इंग्रजीतून देत होते. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात बाळशास्त्रींना आपण जन्मदात्याचं स्थान दिलं. प्राच्यविद्येतलं त्यांचं हे काम मात्र बाजूला पडलं. जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य. १८४६ मध्ये ते गेले.

मग आले डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, दिवसा रोगी तपासणारे आणि उरलेल्या वेळात अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख वाचणारे. सोसायटीचं उपाध्यक्षपद मिळवणारे ते पहिले हिंदी. १८७४ मध्ये ते वारल्यावर त्यांनी जमवलेली हस्तलिखितं सोसायटीकडे आली. या संस्कृत-प्राकृत पोथ्यांची वर्णनात्मक सूची पुढे विसाव्या शतकात प्रा. ह. दा. वेलणकर यांनी तयार केली. सूची करणं हे किती नीरस आणि किती उपकाराचं काम आहे, हे ज्यानं कधी एखादी पोथी शोधली असेल त्यालाच कळेल.

भाऊ दाजींच्या हाताखाली जुनागढचा एक तरुण तयार झाला, पंडित भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी बेताचं, पण शिलालेख वाचण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारा. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी वसईजवळच्या नालासोपाऱ्याला एक टेकाड उकरलं. गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. आत विटांचा स्तूप निघाला, स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे काही तुकडे आणि सोन्याची फुलं. भोवती आठ बुद्धमूर्ती. सोबत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, ज्यावरून काळ ठरवायला मदत झाली. त्याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सापडला. म्हणजे आज लोकलनं तासाभरात गाठता येणारं नालासोपारा एकेकाळचं शूर्पारक, मौर्यकाळातलं बंदर, हे पुराव्यानिशी ठरलं. हे करंडक सोसायटीच्या संग्रहात आले.

पण टाउन हॉलला येणाऱ्या पाहुण्याला आधी सांगितलं जातं ते दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'च्या हस्तलिखिताबद्दल. ही एल्फिन्स्टन यांची देणगी. मुसोलिनीनं म्हणे त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीनं नकार दिला. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता ती हस्तलिखितापेक्षा प्रसिद्ध झाली. मला तिची थोडी चीड येते. आपल्याकडच्या वस्तूची किंमत इटलीच्या हुकूमशहानं लावली म्हणून ती मोठी, असा त्यात सूर आहे. सोपाऱ्याच्या करंडकांसाठी कुणी पौंड देऊ केले नाहीत म्हणून त्यांची गोष्ट मागे पडावी का?

हे झालं एका बाजूच्या दिवाणखान्यांचं. मधलं मोठं सभागृह काय करत होतं? ते शहराचा जाहीर इतिहास भोगत होतं. कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झाल्याचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी याच पायऱ्यांवरून वाचला गेला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये कायद्यानं जन्मलं, पण त्याला घर नव्हतं. १८५९ ची पहिली मॅट्रिक याच सभागृहात झाली. उत्तीर्ण झालेल्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ चा पहिला पदवीदान समारंभही इथलाच. त्या दिवशी रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे बी. ए. झाले. विद्यापीठाचं स्वतःचं सभागृह तयार झालं ते १८७४ मध्ये. तोवर महाराष्ट्रातल्या पहिल्या पदवीधर पिढीला टाउन हॉल हेच विद्यापीठ होतं.

बाहेर, समोरच्या वडाच्या झाडांखाली रोख्यांचे दलाल जमत. त्यांच्या गर्दीतूनच पुढे मुंबईचा शेअर बाजार झाला. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीचा पैसा आला, किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, आणि पोलिस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून त्या धुळकट मैदानाची गोल बाग झाली. भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती. एल्फिन्स्टन सर्कल. यामुळे टाउन हॉलला प्रथमच चौकट मिळाली. मग मात्र शहराची अभिरुची बदलली. टोकदार कमानी, मनोरे, गॉथिक. व्हिक्टोरिया टर्मिनस, महापालिका, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. त्या रंगीत गर्दीत हा पांढरा डोरिक एकटा पडला. १९२० च्या दशकात ऑल्डस हक्सले मुंबईत आला तेव्हा त्यानं इथल्या वास्तूंवर चांगलीच झोड उठवली. वगळलं ते टाउन हॉलला. हक्सलेची मुंबईवरची सगळी मतं मान्य करायचं कारण नाही. व्ही. टी. ला नाक मुरडणाऱ्या माणसाबद्दल मला जरा शंकाच येते.

सभागृहात पुतळे आले. एल्फिन्स्टन, माल्कम, फोर्ब्स हे लंडनचा शिल्पकार चान्ट्री यानं घडवलेले. पुढे याच रांगेत जमशेदजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट यांचे संगमरवरी पुतळे बसले. गव्हर्नरांच्या बरोबरीला शंकरशेटांची पगडी, हे दृश्य १८०४ च्या त्या परळच्या बैठकीतल्या कुणाला सुचलं नसतं. १८९२ मध्ये न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. भगवद्गीतेचं त्यांचं इंग्रजी भाषांतर दहा वर्षांपूर्वीच माक्स म्युलरच्या ग्रंथमालेत आलेलं होतं. अध्यक्ष झाल्यावर वर्षभरातच ते वारले. पण दाराचा प्रश्न आता संपला होता.

सभागृहाचा मात्र संपला नव्हता. ११ डिसेंबर १९१८. मावळते गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या स्मारकासाठी शेरीफनं मुंबईच्या नागरिकांची सभा टाउन हॉलमध्ये बोलावली. नागरिकांची म्हणजे कुणाची? होमरूल लीगवाले सकाळपासूनच येऊन खुर्च्या अडवून बसले. पुढे होते बॅरिस्टर महंमद अली जीना, त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी रत्तीबाई, आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन. गोंधळ झाला, पोलिसांनी सभागृह रिकामं करताना जीनांनाही धक्काबुक्की झाली, स्मारकाचा ठराव काही नीट होईना. या विरोधाच्या कौतुकात लोकांनी रुपया-रुपया वर्गणी काढून जीनांच्या नावाचं सभागृह बांधलं. ते काँग्रेस हाउसच्या आवारात 'पी. जे. हॉल' म्हणून आजही आहे. हॉर्निमन यांना चार महिन्यांनी सरकारनं हद्दपार केलं. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला नाव दिलं गेलं ते त्यांचंच. ज्या इंग्रजानं टाउन हॉलमधली सरकारी सभा उधळायला हातभार लावला त्याचं नाव टाउन हॉलच्या पत्त्यात कायमचं येऊन बसलं.

विसाव्या शतकातली एशियाटिकची खरी कमाई मात्र सभागृहात नाही, वाचनकक्षात आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे गिरगावातून इथे येत आणि पोथ्यांत बुडून जात. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काढले. १९६३ मध्ये काण्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्या नावाची संशोधनसंस्था सोसायटीनंच १९७४ मध्ये सुरू केली. दुर्गाबाई भागवतांचं तर हे दुसरं घर. आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्यावर १९७६ मध्ये पोलिस त्यांना अटक करायला आले तेही या ग्रंथालयातच. बाई कुठे सापडतील हे पोलिसांनाही ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर बिऱ्हाड वाढलं. ग्रंथालयांसाठी नेमलेल्या फैजी समितीच्या शिफारशीनुसार मुंबई राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची जबाबदारी सोसायटीकडे आली. १९५४ च्या कायद्यानं देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यायची त्यांत हे एक. ज्या इमारतीत पूर्वी निवडक ग्रंथ जहाजानं येत तिथे आता पाठ्यपुस्तकांपासून पंचांगांपर्यंत सगळं टपालानं येऊन पडू लागलं. हा संसार पेलवेना. १९९४ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय वेगळं होऊन राज्य सरकारकडे गेलं. छप्पर एकच राहिलं. संस्थेच्या नावातलं 'रॉयल' तोवर गळून पडलं होतं. २००२ मध्ये 'बॉम्बे'चं 'मुंबई' झालं.

आता खरी गैरसोय इथेच आहे. भिंती आणि छप्पर सरकारचं, पुस्तकं सोसायटीची. छप्पर गळलं तर ते सार्वजनिक बांधकाम खात्यानं बघायचं. भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं ते सोसायटीनं. कूपर यांनी वाऱ्यासाठी ठेवलेल्या झडपांतून समुद्राची दमट, खारी हवाही आत येते. माणसाला ती सुखावते, कागदाला मारते. कसर आणि वाळवी वेगळ्याच. उंच छतामुळे वातानुकूलन परवडत नाही, आणि खोल्या बंद केल्या तर ही इमारत जशी चालावी तशी चालत नाही. सभेसाठी बांधलेल्या घरात लाखाच्या वर पुस्तकं नि तीन हजार हस्तलिखितं ठेवली की हे होणारच.

सोसायटीनं यावर आपल्या परीनं दोन वाटा काढल्या. एक, ग्रंथ दत्तक योजना : कुणीही पैसे देऊन एखाद्या जीर्ण ग्रंथाची डागडुजी आपल्या नावावर करून घ्यावी. दुसरी, 'ग्रंथ संजीवनी' हे संगणकीय दालन. तिथे जुने ग्रंथ, नकाशे, वर्तमानपत्रं टिपून लोकांसमोर ठेवली जातात. इमारतीचीही अलीकडे सरकारी खर्चानं मोठी डागडुजी झाली. पायऱ्यांवर चित्रपटवाले, फोटोवाले, नवविवाहित जोडपी आणि दुपारचा डबा खाणारे बँकवाले असतात. त्यांतले बहुतेक आत जात नाहीत. आत जायला आज कुणाच्या मतदानाची गरज उरलेली नाही. सभासदत्वाचा अर्ज आणि शुल्क भरायचं, एवढंच.